बंद पडलेल्या स्टेशनाचा इतिहास घरबसल्या कसा जुळवावा

माझा भाचा वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला शिकतो. ट्रेगॅरनच्या दलदलीच्या कडेने जाणाऱ्या एका सरळसोट वाटेचा फोटो त्याने पाठवला. खाली लिहिलं होतं, "आत्ये, इथून आगगाडी जायची." त्या मार्गावरच्या स्ट्राटा फ्लोरिडा या स्टेशनाचा इतिहास मी जैतापुरात बसून, एका पावसाळ्यात जुळवला. तुम्हालाही जमेल.

सुरुवात नावापासून करा. स्ट्राटा फ्लोरिडा हे बाराव्या शतकातल्या एका मठाचं लॅटिन नाव. स्टेशन मात्र मठापासून काही मैलांवर, दुसऱ्याच गावाजवळ होतं. आपल्याकडे राजापूर रोडला उतरून पुन्हा राजापूर गाठावं लागतं, तसंच. म्हणून मठाचं, जवळच्या गावाचं आणि स्टेशनाचं अशी तिन्ही नावं वहीत लिहा. वेल्श आणि इंग्रजी स्पेलिंगही वेगवेगळी असतात. ती सगळी वापरून शोधा.

मग रूळ कोणी टाकले ते पाहा. इथे कंपनी होती मँचेस्टर अँड मिलफर्ड. नावातल्या दोन्ही ठिकाणी तिचे रूळ कधीच पोचले नाहीत! 1866 मध्ये मार्ग दक्षिणेकडून स्ट्राटा फ्लोरिडापर्यंत आला, 1867 मध्ये अ‍ॅबरिस्टविथला. पुढे ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीने तो घेतला, 1948 पासून सरकारी झाला.

आता सगळ्यात जपून करायचं काम: स्टेशन बंद कधी झालं? ब्रिटनमधलं कुठलंही बंद स्टेशन दिसलं की लोक रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या 1963 च्या, अनेक मार्ग आणि स्टेशनं बंद करा म्हणणाऱ्या अहवालाकडे बोट दाखवतात. मीही तसंच लिहिलं होतं, आणि दोन पानं फाडावी लागली. वेल्समधल्याच दुसऱ्या मार्गावरच्या टिंटर्न स्टेशनची प्रवासी गाडी तर अहवालाच्या आधीच, 1959 मध्ये थांबली. मालगाडी 1964 पर्यंत चालली. तेव्हा प्रवासी आणि माल यांच्या तारखा वेगळ्या रकान्यांत लिहा.

स्ट्राटा फ्लोरिडाचा शेवट तर पुराने ओढून आणला. डिसेंबर 1964 मध्ये पुरामुळे अ‍ॅबरिस्टविथकडचा तुकडा बंद पडला. दक्षिणेकडच्या गाड्या तेवढ्या येत राहिल्या, आणि मधलं हे लहानसं स्टेशन फेब्रुवारी 1965 पर्यंत, म्हणजे सुमारे 10 आठवडे, शेवटचं स्टेशन होऊन बसलं. वर्षाच्या एका आकड्यात हे 10 आठवडे दिसत नाहीत. दरड कोसळून गाडी रत्नागिरीतच थांबल्याचं आपण पाहिलंय. त्या फलाटावरच्या माणसांची घालमेल मला परकी वाटली नाही.

नकाशासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे तिथे फुकट आहेत, वेल्सचेसुद्धा. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून हळूहळू पुसट करत जा. जुन्या रुळांची रेघ आज शेताच्या बांधात, झाडांच्या ओळीत सापडते. बातम्यांसाठी वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचीच असल्याने स्टेशन उघडतानाची हकिकत तिथे शोधा, बंद होतानाची नको.

कोणी तिकडे असेल तर म्हाताऱ्या माणसांशी बोलायला सांगा. "स्टेशन कधी बंद झालं?" हे विचारू नका, तारखा कोणाला आठवत नाहीत. "गाडीसाठी घरातून किती वाजता निघायचात? बरोबर काय असायचं?" असं विचारा. हे मी आमच्या बंदरावरच शिकले. आगबोट बंद झाल्याचं साल शेजारच्या काकींना सांगता येईना. पण मचव्यातून आगबोटीवर चढताना पदराला गाठ मारून ठेवलेले पैसे, टोपलीतले आंबे आणि भिजलेलं लुगडं यांवर त्या तासभर बोलल्या. मी एकही वाक्य गाळलं नाही.