तीन आठवड्यांची सायकल शर्यत कोण जिंकेल, याचा अंदाज कसा बांधावा

रविवारी पहाटे शिवाजी पुलावरून पन्हाळ्याकडे निघालेला सायकलस्वारांचा घोळका केर्लीपर्यंत सहसा एकत्र असतो, कारण सपाटीवर पुढच्याच्या चाकामागे राहून वारा चुकवता येतो आणि ज्याचा दम कमी आहे तोही टिकून राहतो. वाघबीळचा चढ लागला की वेग उतरतो, त्या आडोशाचा फायदा आटतो आणि कोण किती पाण्यात आहे ते थोड्याच वेळात कळते. फ्रान्समधली टूर द फ्रान्स, इटलीतली जिरो द इतालिया आणि स्पेनमधली व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या शर्यतींत कोणाला किती संधी आहे हे जोखताना हाच फरक आधी ध्यानात घ्यावा. शर्यत २१ टप्प्यांची आणि सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटरची असली, तरी एकत्र रेषा ओलांडणाऱ्या घोळक्याला एकच वेळ दिली जात असल्याने सपाटीच्या टप्प्यांत वरच्या दहा जणांमधले अंतर फारसे हलत नाही. विजेता ठरतो तो सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेवर, आणि ती वेळ कमावली जाते ती डोंगरातल्या पाच-सहा टप्प्यांत आणि एकेकट्याने धावायच्या टाइम ट्रायलमध्ये.

म्हणून पहिले काम म्हणजे मार्गाचा नकाशा समोर घेऊन सपाटीचे टप्पे खोडून टाकणे. उरलेल्यांत टाइम ट्रायलचे किलोमीटर मोजावेत. २०१२ च्या टूरमध्ये ते शंभराच्या घरात होते आणि टाइम ट्रायलमध्ये वाकबगार असलेला ब्रॅडली विगिन्स जिंकला. २०२३ मध्ये ते अवघे २२.४ होते, आणि त्यांतही चढ होता. त्या दुसऱ्या मार्गावर विगिन्स पहिल्या पाचांत तरी आला असता का, याची मला शंकाच आहे. त्यानंतर घाटमाथ्यांची उंची पाहावी. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. २०२२ च्या टूरमध्ये योनास विंगेगोने तादेय पोगाचारला ज्या कोल द्यु ग्रानोंवर पावणेतीन मिनिटांहून अधिक मागे टाकले, तो घाट २,४१३ मीटरवर आहे. एवढ्या विरळ हवेत सर्वांचेच बळ कमी होते, पण सारखे कमी होत नाही.

रायडरची पारख करताना एकेका दिवसाच्या विजयांना भुलू नये. तीन आठवड्यांच्या शर्यतीत तो याआधी पहिल्या दहांत किती वेळा राहिला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे काय झाले, हे दोनच प्रश्न विचारावेत. अव्वल चढाईपटू अर्धा तासभर वजनाच्या दर किलोमागे सहा वॉटच्या आसपास ताकद लावतात हे खरे. मात्र टीव्हीवरच्या चित्रावरून काढलेल्या अशा आकड्यांत वाऱ्याचा आणि खऱ्या वजनाचा पत्ता नसतो, त्यामुळे त्यांवर फार विसंबू नये. त्यापेक्षा वसंतातल्या दुखापतींची बातमी अधिक उपयोगी पडते. २०२३ च्या एप्रिलमध्ये पोगाचारचे मनगट मोडले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये विंगेगोच्या फुप्फुसाला इजा झाली. त्या त्या वर्षी जुलैतल्या टूरमध्ये दोघेही दुसरे आले.

खासबागेत मल्ल आखाड्यात एकटाच उतरतो, इथे मात्र एका नायकासाठी सात जण झिजतात. संघ आठ जणांचा असतो आणि डोंगरात शेवटपर्यंत सोबत राहील असा किमान एक साथीदार नसेल, तर त्या नायकाची संधी मी सरळ कमी धरतो. २०२५ च्या जिरोत सायमन येट्स विसाव्या टप्प्याला १ मिनिट २१ सेकंद मागे होता. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट, ज्याचा वरचा भाग अजून कच्चा आहे, तो चढताना पुढचे दोघे, इसाक देल तोरो आणि रिचर्ड कारापास, एकमेकांकडे पाहत राहिले. येट्स निघून गेला, आणि घाटापलीकडे आधीच पुढे गेलेला त्याचा साथीदार वाउट व्हान आर्ट त्याला ओढून न्यायला थांबलेला होता. ती जिरो येट्सनेच जिंकली. याच घाटाच्या टप्प्यात २०१८ मध्ये आघाडीवरचा येट्स अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला होता.

आता आकडे. एका कागदावर नावे लिहून ज्याची जिंकण्याची शक्यता जेवढी, त्या प्रमाणात एकूण शंभर गुण वाटावेत, म्हणजे एकाला वाढवले की दुसऱ्याचे आपोआप कमी करावे लागतात. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत टूर पोगाचार आणि विंगेगो या दोघांनीच जिंकली, तर २०१७ ते २०२५ या नऊ वर्षांत जिरोला नऊ निरनिराळे विजेते मिळाले. टूरमध्ये पहिल्या दोघांना मिळून सत्तर-पंच्याहत्तर गुण देणे वावगे नाही. जिरोत मी कोणालाही चाळीसच्या वर नेताना दहादा विचार करतो. अपघात आणि आजारपणाचा वाटाही आधीच कापावा. २०२४ च्या टूरला १७६ जण निघाले आणि १४१ जण शेवटपर्यंत पोहोचले. २०२० च्या जिरोत तर गेरेंट थॉमस तिसऱ्या टप्प्याची खरी धाव सुरू होण्याआधीच रस्त्यावर घरंगळलेल्या पाण्याच्या बाटलीवरून पडला, ओटीपोटाचे हाड मोडले आणि ती शर्यत अखेर त्याचाच साथीदार ताओ गेगन हार्टने जिंकली.

शर्यत सुरू झाल्यावर अंतराकडे नुसते पाहू नये, उरलेल्या रस्त्याने त्याला भागावे. १९८९ च्या टूरच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता आणि २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल उरली होती, म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंदांहून थोडे अधिक हवे होते. अवघड, पण अशक्य नव्हे. त्याने ५८ सेकंद मिळवले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. २०२० च्या टूरमध्ये पोगाचार आघाडीवरच्या प्रिमोझ रोग्लिचच्या ५७ सेकंद मागे होता आणि ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल उरली होती. भागाकार दीड सेकंदाच्या आसपास येत होता आणि शेवटी ला प्लांश दे बेल फी हा खडा चढ होता. तरीही मी तो भागाकार न करता रोग्लिचला पंचाण्णव गुण देऊन मोकळा झालो होतो. पोगाचारने त्या एका दिवसात १ मिनिट ५६ सेकंद काढले.

विश्रांतीच्या दर दिवशी कागद नव्याने मांडावा, मधल्या सपाट टप्प्यांच्या रात्री त्याला हात लावू नये. टूरचे टप्पे आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतात, आणि डोंगरातला टप्पा पाहून झाल्या झाल्या केलेली दुरुस्ती हमखास अतिरेकी असते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. जुने आकडे मात्र खोडू नयेत, तारीख घालून शेजारी नवे लिहावेत.