पोर्ट्रेट रिटचिंग: आधी घाम आणि झाक, मग त्वचा

फोटो स्क्रीनवर उघडला की हात आधी मुरुमांकडे जातो, आणि तिथेच घोळ होतो. कोकणात बाहेर काढलेल्या फोटोंत चेहरा बिघडतो तो बऱ्याचदा घामाच्या चकाकीने आणि आजूबाजूच्या रंगाने. सुपारीच्या बागेत पानांतून गाळून आलेला उजेड हनुवटीखाली हिरवा पडतो. जांभ्याच्या चिऱ्यांवर दुपारी उभं केलं तर तीच हनुवटी खालून विटकरी दिसते. ही झाक तशीच ठेवून त्वचेला हात घातलात तर नसलेले डाग पुसत बसाल.

झाक डोळ्यांवर विसंबून शोधू नका, आकडे बघा. फोटोशॉपमध्ये फाइल १६ बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक छटा ठेवणाऱ्या मोडमध्ये) उघडा, आयड्रॉपर (रंगाचे आकडे वाचणारं साधन) ५ बाय ५ अ‍ॅव्हरेजवर ठेवा आणि इन्फो पॅनलमध्ये गाल आणि हनुवटीखालची सावली ताडून पाहा. त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. समजा गालावर १८२, १३४, १०८ आहे आणि सावलीत ९६, ८८, ६२. सावलीत हिरवा लालाच्या अगदी जवळ आला, म्हणजे झाक पक्की. कर्व्हज लेयर (वक्ररेषा ओढून उजेड-रंग बदलणारा थर) घ्या, हिरव्या चॅनलचा मधला भाग किंचित खाली ओढा, लेयरचा ब्लेंड मोड ‘कलर’ करा म्हणजे उजेड हलणार नाही. मास्क (लेयर कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा) काळा भरून मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त तेवढीच जागा रंगवा. शेवटी लेयरची ऑपॅसिटी (ठळकपणा) ६०–७० टक्के. झाक पूर्ण काढायची नाही. मागे हिरवीगार बाग असताना चेहऱ्यावर हिरव्याचा लवलेशही नसला तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स गुलाबीकडे सरकवणं हा आळशी उपाय: सदरा आणि दात दोन्ही गुलाबी होतात.

आता घाम. नवीन रिकामा लेयर घ्या, त्या लेयरचा ब्लेंड मोड ‘डार्कन’ करा; त्यावर क्लोन स्टँप (एका जागेची त्वचा उचलून दुसरीकडे उमटवणारं साधन), ऑपॅसिटी १५–२० टक्के, सॅम्पल ‘करंट अँड बिलो’. चकाकीच्या अगदी शेजारची त्वचा ऑल्ट दाबून उचला आणि तीन-चार हलके हात फिरवा. डार्कन मोड फक्त नमुन्यापेक्षा उजळ पिक्सेल दाबतो, त्यामुळे रंध्रांच्या बारीक सावल्या शाबूत राहतात. नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर थोडी चमक राहू द्या, नाहीतर चेहरा पाटासारखा सपाट होतो. तिन्ही आकडे २५५, म्हणजे जागा जळून पूर्ण पांढरी, असतील तर तिथे फाइलमध्ये त्वचाच नाही. डार्कनने नुसतं काळवंडून राखाडी ठिगळ तयार होतं. अशा जागी त्याच कपाळावरची, तशाच उजेडातली त्वचा वेगळ्या लेयरवर नॉर्मल मोडमध्ये पूर्ण क्लोन करा आणि मग लेयर ५०–६० टक्क्यांवर आणा. हिलिंग ब्रश (नमुना आजूबाजूच्या रंगात मिसळून देणारं साधन) इथे कामाचा नाही, तो शेजारचा जळका उजेडच परत ओढून आणतो.

मग डाग. पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर नसेल ते काढा: मुरुम, घामोळं, डास चावल्याचा फोड, गालाला चिकटलेली बट. तीळ, जुना व्रण, आजीच्या कपाळावरचं गोंदण विचारल्याशिवाय पुसायचं नाही. नथीच्या मोत्यांची ओठावरची सावली हा डाग नव्हे. ती गेली की नथ हवेत तरंगते.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे त्वचेचा बारीक पोत आणि रंग-उजेड दोन लेयरवर वेगळे करणं, प्रत्येक फोटोला लागत नाही. करायचंच असेल तर फोटोच्या लेयरच्या दोन कॉपी करा; खालच्या कॉपीवर गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) रंध्रं जेमतेम दिसेनाशी होतील इतकाच. वरच्या कॉपीवर अप्लाय इमेज (इमेज मेनूतली आज्ञा): लेयर म्हणून खालची कॉपी, इन्व्हर्टवर टिक, अ‍ॅड, स्केल २, ऑफसेट ०, मग ब्लेंड मोड लिनिअर लाइट. ही सेटिंग १६ बिटची. ८ बिटला इन्व्हर्ट काढून सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. चूक होते ती पुढे: खालच्या लेयरवर अख्खा गाल निवडून भरमसाट ब्लर मारतात. रंध्रं राहतात, पण उजेड कुठून येतोय तेच कळेनासं होतं आणि चेहरा पिठूळ दिसतो. निवड लहान ठेवा, कडा मऊ ठेवा.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं वेगळ्या लेयरवर काढून तो लेयर ४० टक्क्यांवर आणा. पूर्ण काढली की डोळ्याची खोबणच भरून येते.

‘जरा उजळ करा’ ही मागणी येणारच. नुसता चेहरा उजळला तर मान आणि हात सावळे राहतात आणि मुखवटा घातल्यासारखं होतं. करायचंच तर चेहरा, कान, मान, हात सगळं एकत्र, पाव-अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

हार घालायच्या फोटोसाठी लग्नाच्या ग्रुपमधून आजोबा कापून आणायचे असतील तर सुरकुत्यांना हात लावू नका. घरचे त्यांना कपाळावरच्या त्या आठ्यांवरूनच ओळखतात. ८ बाय १२ इंच प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. एवढे नसतील तर फुगवून गुळगुळीत करण्यापेक्षा प्रिंट ५ बाय ७ ची घ्या. दुरुस्त केलेल्या जागा उठून दिसत असतील तर त्या सगळ्या जागांवर २ टक्के मोनोक्रोम नॉइज (बिनरंगी बारीक दाणे) टाका.

काम १०० टक्के झूमवर, पण दर पाच मिनिटांनी पूर्ण फोटो बघा आणि एकदा आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून पाहा. सगळे रिटच लेयर एका ग्रुपमध्ये ठेवून शेवटी ग्रुप ८० टक्क्यांवर आणला तर बहुतेक वेळा बरंच दिसतं. फाइल एसआरजीबी या रंग-प्रोफाइलमध्ये द्या, आधी एक ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढा. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम केलं असेल तर प्रिंट काळपट येते, आणि खापर लॅबवर फुटतं.