मे महिन्यात सिलिंडरमध्ये द्रव नसतो

एम.एस्सी. झालंय, सेट-नेटची तयारी चालू आहे आणि पीएच.डी.साठी कुणीतरी ‘कार्बन डायऑक्साइडवर काम कर’ म्हणून सुचवलंय, अशांसाठी लिहितेय. मी मानवतकडची, संशोधन केलं छत्रपती संभाजीनगरला.

३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बारच्या वर हा वायू धड द्रव राहत नाही, धड वायूही नाही. हे मला पाठ होतं. कळलं ते पहिल्या उन्हाळ्यात. प्रयोगासाठी दाब चढवणाऱ्या पंपाला द्रव सीओटू, म्हणजे द्रव कार्बन डायऑक्साइड, लागतो. थंडीत सगळं सुरळीत चालायचं. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश, मग सिलिंडरमध्ये द्रव उरणार कुठून? त्यात लाईट गेली की पंप गार ठेवणारा चिलर बंद. पंप नुसता फिरायचा, दाब चढायचा नाही. मी आठवडाभर वॉशर आणि व्हॉल्व्ह बदलत बसले. यंत्रात दोष नव्हताच. त्यानंतर पंपाचं हेड ५ अंशांपर्यंत गार झाल्याशिवाय कधी बटण दाबलं नाही, आणि उन्हाळाभर प्रयोग पहाटे लावले.

जाड काचेची खिडकी असलेला सेल, म्हणजे दाब सोसणारं बंद भांडं, तुमच्या लॅबमध्ये असेल, तर एकदा त्यासमोर निवांत बसा. आत द्रवाची रेघ दिसते. तापमान हळूहळू वाढवलं की ती पुसट होते, क्षणभर सगळं धुकट होतं, आणि मग रेघच नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये याच वायूवर हे सविस्तर मांडलं. अशा अवस्थेतला सीओटू करडईच्या पेंडीतलं उरलेलं तेल ओढून घेतो; मीठ-साखरेला मात्र हात लावत नाही. थोडंसं इथेनॉल मिसळलं, तर काही ध्रुवीय पदार्थही विरघळू लागतात.

माझं दुसरं काम पऱ्हाटीच्या कोळशाचं. कापूस वेचून झाला की बांधावर ढीग पडतो, तोच माझा कच्चा माल. नायट्रोजनमध्ये कोळसा करायचा आणि मग ८०० ते ९०० अंशांवर त्यावरून सीओटू सोडायचा. ४० अंशांवर सौम्य द्रावक असणारा हाच वायू इथे कार्बन खातो आणि छिद्रं उघडतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो विषारी, आणि त्याला वास नाही. बाहेर जाणारी नळी आणि धोक्याची घंटा तपासल्याशिवाय भट्टी पेटवू नका, गाईड घाई करत असले तरी.

छिद्रं उघडायला सीओटूऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पद्धत वापरलीत, तर धुण्याचा कंटाळा करू नका. पाण्याचा पीएच ७ येईपर्यंत धुवायचं. माझ्या पहिल्या नमुन्याच्या छिद्रांत क्षार अडकून बसले होते. सरफेस एरिया (छिद्रांसकट पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) इतका कमी आला की दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

विषय पक्का करण्याआधी गाईडना विचारा, हा सरफेस एरिया मोजणारं बीईटीचं यंत्र विभागातच आहे की नमुने बाहेर पाठवायचे? बाहेर असेल तर तारखेसाठी आठवडेच्या आठवडे जातात.

आणि पावसाळ्यात वजन जपून घ्या. हा कोळसा हवेतली ओल पितो. काट्यावरचा शेवटचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकत राहतो. ११० अंशांवर वाळवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि बुचाच्या बाटलीतच तोला.