बंपरखालची पट्टी आणि तापणारे इंजिन

कागलच्या दिशेने महामार्गावर वेग घेतला की माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा वर चढे, आणि कोल्हापुरात राजारामपुरीच्या गर्दीत मात्र तो जागेवर येई. इंजिन थंड ठेवणारा पंखा बिघडला असता तर नेमके उलटे घडले असते. कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव) व थर्मोस्टॅट (त्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) ठीक निघाले. उद्यमनगरातील मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा पुढच्या बंपरखालची काळी पट्टी गायब होती. तुटक्या क्लिपा तेवढ्या लोंबत होत्या. ही पट्टी वारा अडवून आपल्या मागे, इंजिनाखाली, हवेचा दाब कमी करते, त्यामुळे कूलंट थंड करणाऱ्या रेडिएटरमधून आलेली गरम हवा खाली ओढली जाते आणि पुढच्या जाळीतून ताजी हवा आत येत राहते. कमी वेगात तिचा उपयोग नगण्य. तेथे पंखाच लागतो. नवी पट्टी बसवल्यापासून महामार्गावरही काटा स्थिर असतो, गतिरोधकाला ती (आपल्याकडे तर हमखास) घासते, एवढेच.