आल्प द्युएझ चढताना पाट्या मोजा

फ्रान्समधल्या या स्की-गावाचा १३.८ किलोमीटरचा घाट सायकलने चढताना पुष्कळांचा दम सुरुवातीलाच जातो.

१. पायथ्याचं गाव ल बूर्ग-द्वाझां सोडलं की चढ लगेच १० टक्क्यांच्या आसपास. सगळ्यात हलका गिअर टाका. मागचे पुढे जातायत? जाऊ द्या, बरेचसे वर भेटतात.

२. वळणांच्या पाट्या उलट्या, २१ पासून १ पर्यंत. १६ नंबरला, म्हणजे ला गार्द गावाला पोचेपर्यंत गप्पा मारता येतील इतकाच जोर लावा.

३. वळणं बरीच सपाट आहेत. पाण्याचा घोट तिथेच घ्या.

उतरताना घामेजल्या जर्सीत छातीशी वर्तमानपत्र घाला, गारठा अडतो. मात्र ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते.