कार्यालयासाठी फॅक्स मशीन कसे निवडावे

ज्या कार्यालयात सही-शिक्क्याचे कागद अजूनही फॅक्सने येतात, तिथे जुने मशीन बंद पडले की नवे घ्यावेच लागते. मात्र, निवडीची सुरुवात दुकानापासून नव्हे, टेलिफोनच्या तारेपासून करावी. फॅक्स मशीन पानाचे चित्र ध्वनिसंकेतांत बदलून टेलिफोनच्या लाइनवरून पाठवते. पुण्यात बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या तारांची जागा फायबरने घेतली आहे, आणि त्यावर बोलणे स्वच्छ ऐकू येत असले तरी आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवताना फॅक्सचे संकेत बिघडू शकतात व पान अर्ध्यावर तुटते. म्हणून टेलिफोन कंपनीकडे ‘टी.38’ची, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावरून फॅक्स पाठवण्याच्या पद्धतीची, सोय आहे का, हे आधी विचारावे.

त्यानंतर आठवडाभर आलेल्या आणि गेलेल्या पानांची वेगवेगळी नोंद ठेवावी, कारण कोणत्या छपाईचे मशीन परवडेल ते या आकड्यांवरूनच ठरते.

थर्मल मशीनला शाई लागत नाही. रोलच्या कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. तोच लेप ऊन आणि प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे फिकाही पडतो. आमच्या शनिवार पेठेतील कार्यालयात एका पुरवठादाराचे दरपत्रक खिडकीलगतच्या फाइलीत राहिले आणि मे संपेपर्यंत त्यावरचे दर वाचता येईनासे झाले. तेव्हापासून थर्मल कागद हाती पडताच त्याची झेरॉक्स काढण्याचा आमचा शिरस्ता आहे. फिल्मचे मशीन शाई लावलेल्या पातळ फिल्मवरून साध्या कागदावर छापते, पण वापरलेली फिल्म उजेडात धरली तर त्यावर प्रत्येक पानाचा मजकूर उलटा उमटलेला दिसतो. ती तशीच कचऱ्यात न टाकता कात्रीने तुकडे करून टाकावी. इंकजेट मशीन बरेच दिवस पडून राहिले तर शाई वाळते. रोज बरीच पाने येत असतील तर लेझर मशीनच घ्यावे, असे माझे मत आहे. प्रिंटर, स्कॅनर आणि फॅक्स एकत्र असलेले मशीन जागा वाचवते. मात्र ते दुरुस्तीला गेले की तिन्ही कामे अडतात.

वैशिष्ट्यांपैकी वेगाचे कौतुक जरा जास्तच होते. ‘सुपर जी3’ या वेगवान प्रकारचे मशीन सेकंदाला 33,600 बिटांपर्यंत पाठवते, पण समोरचे मशीन 14,400 चे असेल तर आपलेही त्याच वेगावर उतरते. मराठी पत्रांसाठी त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे स्पष्टता. साध्या प्रतीत उभ्या दिशेने इंचाला सुमारे 98 ओळी टिपल्या जातात, त्यामुळे बारीक टाइपातला अनुस्वार किंवा रफार सहज गळतो; ‘फाइन’ प्रतीत ओळी दुप्पट होतात आणि वेळही वाढतो. कागद संपल्यावर आलेली पाने साठवणारी मेमरी असावी, आणि वीज गेल्यास ती पाने टिकतात का, हेही विचारून घ्यावे.

मशीन बसवल्यावर तारीख, वेळ आणि 020 या पुण्याच्या कोडसह आपला क्रमांक भरावा, कारण हाच तपशील समोरच्या पानाच्या माथ्यावर छापला जातो. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, तेव्हा उरलेली पाने बंद पाकिटातच ठेवावीत.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच कार्यालयाचे बारीक अक्षरांचे एखादे पत्र दुकानात न्यावे आणि मशीनच्या ‘कॉपी’ बटणाने त्याची ‘फाइन’ प्रत काढून त्यातले रफार व अनुस्वार तपासावेत.