मोटरहोमच्या पेडलवर पाय बसवताना

कारची सवय असलेला माणूस मोटरहोमवर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीवर, बसला की पहिला घोळ पायाचा होतो. बसच्या चेसिसवर बांधलेल्या गाडीला बहुधा एअर ब्रेक, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारे ब्रेक, असतात. तिथं पेडल म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह. कारसारखा दाब पायाला जाणवत नाही, आणि ब्रेक धरायला क्षणभर उशीर लागतो. नवखा घाबरून आणखी दाबतो, अन् मागे भांड्यांचा खडखडाट!

म्हणून सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मोंढ्यात, म्हणजे बाजार आवारात, तासभर काढा. सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील. चपला नकोत, पातळ तळाचे बूट बरे. मग मधल्या वाटेत पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा आणि ताशी २० किलोमीटरवरून थांबून बघा. पाणी सांडायचं थांबेपर्यंत हायवेचं नाव काढू नका. आमची फरशी चारदा पुसून झाली तेव्हा कुठं जमलं.

बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट उतरताना खालचा गिअर घाटमाथ्यावरच टाकून घ्या. सारखं पेडल मारत राहिलात तर ब्रेकचे ड्रम तापतात आणि टाकीतली हवाही उतरत जाते. हवेचा काटा लालकडे सरकला की गाडी सरळ बाजूला घ्या.